अंगचे आणि जोडीचे

चेन्नई शहराच्या दक्षिणेस, महाबलीपुरमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याच्या कडेला पेरुंगुडी नावाचे एक उपनगर आहे. तमिळ भाषेत ह्या नावाचा अर्थ 'मोठी वस्ती' असा होतो. पुष्कळ वर्षे हे नाव गावाच्या मानाने मोठेच होते. एका अंगास पळ्ळिकरणैची विस्तीर्ण दलदल, मध्ये तळे, आणि भोवती भाताची खाचरे एवढाच काय तो त्या मोठ्या वस्तीचा पसारा. पुढे २००० साली शेजारच्या तरमणीत टायडेल पार्क ही संगणक-व्यवसायाची प्रचंड इमारत उभी राहिली. २००७ साली पेरुंगुडीस रेल्वेचे स्टेशन आले. २०११ साली गाव महानगरपालिकेच्या हद्दीत गेले. आणि नाव एकदाचे सार्थ झाले. आज ह्या रस्त्यावर काचेच्या उंच इमारती उभ्या आहेत, आणि त्यांच्या मागे तीच दलदल आहे, जिला २०२२ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता मिळाली. ह्या इमारतींतून साऱ्या भारतातील तरुण मंडळी काम करतात. त्यांत पुण्याची, नागपूरची, कोल्हापूरची मराठी मुलेमुलीही आहेत.

सुताराच्या हाती जसा रंधा, तसे ह्या मंडळींच्या हाती दिवसभर एकच हत्यार असते. त्याला टेक्स्ट एडिटर म्हणतात. पत्र किंवा लेख लिहिण्यासाठी जी साधने कचेऱ्यांतून वापरली जातात, ती अक्षरांबरोबर त्यांचा आकार, रंग, समास असा सारा थाट सांभाळतात. टेक्स्ट एडिटरला असला थाट नसतो. तो केवळ अक्षरे घेतो, अक्षरे ठेवतो, आणि मागितली की जशीच्या तशी परत देतो. संगणकाला द्यावयाच्या आज्ञा अशाच निव्वळ अक्षरांत लिहाव्या लागतात, म्हणून प्रोग्रॅम लिहिणारांचा सारा संसार ह्या साधनात होतो.

ह्या साध्या हत्याराविषयी गेली पन्नास वर्षे एक वाद चालू आहे. प्रथम तो कारागिरांचा घरगुती वाद वाटतो. परंतु त्याचा एक धागा आपल्या मराठीच्या दारापर्यंत येऊन पोचतो. वाद असा, की ह्या साधनात कोणत्या सोयी मुळातच असाव्यात, आणि कोणत्या सोयी ज्याला हव्या त्याने वेगळे पॅकेज आणून जोडून घ्याव्यात?

जुन्या मराठी घरांत ह्या प्रश्नाचे उत्तर भिंतीत आणि भुईत दिसत असे. देवळी आणि कोनाडा भिंतीतच असत. उखळ ओसरीच्या भुईत पुरलेले असे. ही घराची अंगची सोय. त्याच्या उलट पाटा-वरवंटा, पेटी, ट्रंक, चौरंग हे जोडीचे सामान. हवे तेव्हा आणावे, नको तेव्हा हलवावे. कोनाड्याला जागा लागत नाही आणि तो चोरीसही जात नाही. पण एकदा चुकीच्या ठिकाणी पडला, की तो बुजवण्यास गवंडीच बोलवावा लागतो. पेटी कोठेही ठेवता येते. पण ज्याच्यापाशी पेटी घेण्यास पैसा नाही, किंवा पेटी नावाची वस्तू बाजारात मिळते हेच ज्याला ठाऊक नाही, त्याचे कपडे वलणीवरच राहतात. टेक्स्ट एडिटरच्या वादातील दोन्ही पक्षांचे म्हणणे ह्याहून फारसे वेगळे नाही.

ह्या वादाच्या इतिहासात एक गंमत आहे. अंगच्या सोयींनी गच्च भरलेला म्हणून ज्या एडिटरची ख्याती आहे, तो ईमॅक्स मुळात जोडीच्या सामानातूनच जन्मास आला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या प्रयोगशाळेत त्या काळी टेको नावाचा एक रूक्ष एडिटर वापरीत असत. त्याला कंटाळून प्रत्येकाने स्वतःपुरत्या आज्ञांचे गठ्ठे रचले होते. परिणाम असा झाला, की एकाच्या जागी दुसरा जाऊन बसला, तर त्याला तेथील कळांचा अर्थच लागेना. तेव्हा १९७६ साली रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील ह्यांनी ते निरनिराळे गठ्ठे पडताळून त्यांची एक मोट बांधली, तीच ईमॅक्स. त्याच १९७६ साली बर्कली येथे बिल जॉय ह्यांनी व्हीआय नावाचा एडिटर रचला. थोडक्या कळा, थोडका भार, आणि बाकीची कामे शेजारच्या इतर साधनांकडे सोपवावयाची, अशी त्याची प्रकृती. पुढे १९९१ साली ब्राम मोलेनार ह्यांनी त्याचाच विस्तार करून विम हा एडिटर दिला, आणि मग त्याच्यातही सोयींची भर पडतच गेली. जो जो सडेपणाचा संकल्प करून निघाला, तो तो वाटेत संसार जोडीत गेला, असेच ह्या क्षेत्रात दिसते.

एखादी सोय जोडीची असली किंवा अंगची असली, म्हणून कामात काय फरक पडतो, हे कळण्यास एक उदाहरण पुरे आहे. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा एडिटर २०१५ साली निघाला आणि थोड्याच वर्षांत जगभर पसरला. प्रोग्रॅममध्ये कंसांत कंस, त्यांत पुन्हा कंस, अशी रचना असते, आणि कोणता कंस कोठे मिटला हे शोधताना डोळे शिणतात. एका प्रोग्रॅमकाराने कंसांच्या जोड्यांना वेगवेगळे रंग देणारे जोडपॅकेज लिहिले. लाखो लोकांनी ते घेतले. परंतु जोडपॅकेज हे भाडेकरूसारखे असते. त्याला माजघरात प्रवेश नसतो. एडिटरने अक्षरांची जी मांडणी आतल्या आत केलेली असते, ती ह्या पॅकेजला मिळत नसे. म्हणून ते सारा मजकूर स्वतः पुन्हा वाचून रंग ठरवी. मोठ्या फायलीत हा उपद्व्याप जाणवण्याइतका मंद होई. शेवटी २०२१ साली तीच सोय एडिटरच्या अंगातच घातली गेली. कंसांची नोंद एका समतोल वृक्षाकार रचनेत ठेवल्यामुळे एखादे अक्षर बदलले तरी सारे पुन्हा वाचण्याचे कारण उरले नाही. आणि हे काम दहा हजार पटींनी जलद झाल्याचे कर्त्यांनी जाहीर केले. मूळ पॅकेजच्या लेखकाने मग आपले पॅकेज निवृत्त करून लोकांना अंगची सोय वापरण्यास सांगितले.

ह्या हकीकतीत एक बारीक गोष्ट आहे, आणि तिच्यावरच ह्या सगळ्या प्रश्नाचा रोख आहे. २०२१ साली ही सोय एडिटरमध्ये आली खरी, पण ती मिटलेली होती. ज्याला हवी त्याने शोधून चालू करावयाची. पुढच्या वर्षी ती आपोआप चालू राहू लागली. म्हणजे अंगचे आणि जोडीचे अशा दोनच पायऱ्या नसून पायऱ्या तीन आहेत. पहिल्या पायरीवर वस्तू बाजारातून आणावी लागते. दुसऱ्या पायरीवर ती घरात असते, पण दिवा लावलेला नसतो. तिसऱ्या पायरीवर दिवा तेवत असतो आणि दार उघडताच वस्तू दिसते. ईमॅक्समध्येही असेच आहे. एक कळ दाबून थांबले असता पुढे कोणत्या कळा दाबता येतील त्यांची यादी दाखवणारे 'व्हिच-की' नावाचे पॅकेज बरीच वर्षे वेगळे मिळत असे. फेब्रुवारी २०२५मध्ये निघालेल्या तिसाव्या आवृत्तीत ते अंगात आले, तरी ते स्वतः चालू करावे लागते. ह्या सोयीची गरज सर्वांत अधिक कोणाला? ज्याला कळा ठाऊक नाहीत अशा नवख्याला. आणि ती चालू करण्याची कळ कोणाला ठाऊक असते? ज्याला ह्या सोयीची फारशी गरज उरलेली नाही अशा जुन्या जाणत्याला.

तरी सगळेच अंगात घ्यावे, असे म्हणणे शहाणपणाचे होणार नाही. ॲम्स्टरडॅमचे खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक ह्यांनी २००३ साली टिपणे आणि कामांच्या याद्या ठेवण्यासाठी ऑर्ग नावाची सोय ईमॅक्ससाठी लिहिली. २००७ साली ती मूळ एडिटरात समाविष्ट झाली. पहिली काही वर्षे ती बाहेर होती म्हणूनच तिला चुका करण्याची, रूप बदलण्याची, लोकांचे ऐकण्याची मोकळीक मिळाली. जी वस्तू अंगात शिरते तिच्यावर लोक विसंबतात. आणि विसंबलेल्या लोकांच्या पायाखालची फरशी रोज उचलता येत नाही. शिवाय प्रत्येक अंगची सोय कोणाला तरी कायमची सांभाळावी लागते. तिचा लेखक कंटाळला, थकला किंवा जगातून गेला, तरी घराच्या मालकाला ती टाकता येत नाही. ईमॅक्समध्ये तर मोठा लेख आत घ्यावयाचा असेल, तर लेखकाने आपला स्वामित्वहक्क कागदोपत्री फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे करून द्यावा, असा दंडक आहे. ज्यांचे अनेक हात लागलेले आहेत अशा पॅकेजच्या बाबतीत त्या सर्वांच्या सह्या मिळवणे हेच मोठे काम होऊन बसते.

जोडीच्या सामानालाही त्याचे धोके आहेत. मार्च २०१६मध्ये एका प्रोग्रॅमकाराने वादाच्या भरात आपली पॅकेजे सार्वजनिक कोठारातून काढून घेतली. त्यांतील एक केवळ अकरा ओळींचे होते. शब्दाच्या डावीकडे रिकामी जागा भरणे एवढेच त्याचे काम. परंतु ते दुसऱ्या पॅकेजांनी, त्यांना तिसऱ्यांनी असे जोडलेले असल्यामुळे जगभर असंख्य प्रोग्रॅमांची बांधणी त्या दिवशी अडली. अकरा ओळी ज्याने त्याने लिहून ठेवल्या असत्या, तर हा प्रसंग आला नसता. शेजाऱ्याच्या विहिरीवर पाणी भरणाराने दोराची काळजी केली नाही, तर असे व्हावयाचेच.

इथवरचा वाद कारागिरांचा झाला. परंतु एक सोय अशी आहे, की तिच्यासंबंधी हा प्रश्न आला म्हणजे तो सोयीचा न राहता हक्काचा होतो. ती सोय म्हणजे आपली भाषा.

संगणक प्रथम आपल्याकडे आला तेव्हा त्याच्या अंगात फक्त रोमन लिपी होती. देवनागरी हे जोडीचे सामान होते, आणि तेही अक्षरशः. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेले जिस्ट नावाचे काम १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेत पुढे वाढले. मोहन तांबे हे त्या कामाचे अध्वर्यू. त्यातून निघालेले जिस्ट कार्ड संगणकाची पेटी उघडून आतील खाचेत बसवावे लागे. ते बसले, की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमांतही मराठी, तमिळ, बंगाली अक्षरे उमटू लागत. भारतीय लिपींची सांकेतिक योजना १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झाली, आणि इन्स्क्रिप्ट हा सर्व भारतीय लिपींना सामाईक असा कळफलकही तिच्याबरोबर आला. काम मोलाचे होते. पण ज्याच्यापाशी कार्ड नाही त्याच्या संगणकाला मराठी येत नाही, ही स्थिती त्याने पालटणे शक्य नव्हते.

त्यानंतर फाँटांचे युग आले. प्रत्येक व्यापाऱ्याने आपल्या फाँटात 'क' कोणत्या जागी आणि 'ख' कोणत्या जागी हे आपापल्या मनाने ठरवले. एका फाँटात लिहिलेला लेख दुसऱ्या संगणकावर उघडला, की चिन्हांचा कालवा दिसे. मराठी छापखान्यांनी, वृत्तपत्रांनी आणि लेखकांनी त्या वर्षांत जे लिहिले, त्यातील किती तरी मजकूर आज फाइल शाबूत असूनही वाचता येत नाही. वाचावयाचा तर पुन्हा रूपांतर करणारे साधन शोधावे लागते. भाषा जोडीवर ठेवली, की जोडीची वस्तू मोडल्यावर भाषाही हातची जाते, ह्याचा हा धडा आहे.

दुसरी पायरी २००० साली आली. युनिकोड ह्या जागतिक संकेतात देवनागरीला १९९१पासूनच स्थान होते. विंडोज २०००मध्ये त्याचा अंगभूत आधार आला, आणि पहिल्या मानकऱ्यांत ज्या भारतीय लिपी होत्या त्या दोनच: देवनागरी आणि तमिळ. पेरुंगुडी आणि पुणे ह्या बाबतीत एकाच पंक्तीस बसले. परंतु दिवा लावलेला नव्हता. त्यानंतरच्या विंडोज एक्सपीमध्येसुद्धा भारतीय भाषांची व्यवस्था चालू करण्यासाठी एका आडबाजूच्या पटलावर जाऊन चौकटीत खूण करावी लागे, आणि पुष्कळदा मूळ तबकडीही मागितली जाई. खेड्यातील शाळेत संगणक आला, तबकडी तालुक्याच्या कपाटात राहिली, तर त्या शाळेच्या दृष्टीने मराठी संगणकात नव्हतीच. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ही खूण करण्याचे कारण उरले नाही. तेव्हा कोठे मराठी तिसऱ्या पायरीवर पोचली.

पोचली, तरी पुरती नव्हे. देवनागरी अंगात आली म्हणजे मराठी आली असे होत नाही. 'ॲप', 'ॲसिड' ह्या शब्दांतील आरंभीचे अक्षर मराठीत 'अ'वर चंद्र देऊन लिहितात. हिंदीची रीत वेगळी. ह्या मराठी अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. 'तऱ्हा', 'दऱ्या' ह्यांतील आडवा रफारही असाच. तो उमटवण्यासाठी कोणत्या कळा दाबाव्यात, हे आजही अनेकांना कोणी तरी सांगावे लागते. शेजाऱ्यासाठी शिवलेला अंगरखा आपल्याला बसतो खरा, पण काखेत काचतो.

तमिळ समाजाने ह्या बाबतीत जी दक्षता दाखवली ती लक्षात घेण्याजोगी आहे. १९९९ साली चेन्नईस भरलेल्या परिषदेनंतर तमिळ ९९ हा एक कळफलक प्रमाण म्हणून ठरला. २०१० साली तमिळनाडू शासनाने युनिकोड आणि त्याच्या जोडीस तमिळची सर्व अक्षरे स्वतंत्रपणे मांडणारा दुसरा संकेत ह्यांना शासकीय मान्यता दिली. त्या दुसऱ्या संकेताची आवश्यकता किती, ह्याविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु आपल्या भाषेला काय अंगचे हवे, हे दुसऱ्याने ठरवण्याआधी आपण बसून ठरवले पाहिजे, ही जाणीव त्यामागे आहे.

टेक्स्ट एडिटरच्या राज्यात ह्या कथेचे एक सुखद प्रकरण आहे. ईमॅक्समध्ये निरनिराळ्या लिपी टंकण्याच्या पद्धतींचा संग्रह पूर्वी वेगळा गठ्ठा म्हणून उतरवून घ्यावा लागे. २००७ साली निघालेल्या बाविसाव्या आवृत्तीपासून तो मूळ एडिटरबरोबरच येऊ लागला. आणि जुलै २०२३मध्ये निघालेल्या एकोणतिसाव्या आवृत्तीत जगातील अनेक जुन्या लिपींची जी भर पडली, तिच्यात आपली मोडी आहे. ज्या लिपीत मराठ्यांच्या राज्याचा कारभार चालला, आणि जी विसाव्या शतकाच्या मध्यावर सरकारी वापरातून गेली, ती आज त्या एडिटरमध्ये कोणतेही पॅकेज न आणता रोमन कळांवरून उच्चारानुसार लिहिता येते. ह्याच तमिळनाडूत, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात, भोसले राजांच्या दफ्तरातील मोडी कागदांचे रुमाल आजही बांधलेले आहेत. ते वाचण्याचे काम फार थोड्यांना येते. पेरुंगुडीच्या एखाद्या कचेरीत बसलेल्या मराठी मुलाच्या समोरील हत्यारात त्या कागदांची लिपी आहे, आणि बहुधा त्याला त्याचा पत्ता नाही. शिवाय अक्षर पडद्यावर उमटण्यासाठी मोडीचा फाँट लागतो, आणि तो मात्र अजून बाहेरूनच आणावा लागतो. घरात कोनाडा आला. पणती आणावयाची राहिली आहे.

तेव्हा ह्या जुन्या वादाचा निवाडा एका कसोटीवर करता येईल. जी सोय माणसाला कामात मुरल्यावर हवीशी वाटते, ती जोडीची असण्यास हरकत नाही. तिला शोधीत तो जाईल, चार पॅकेजे पारखून पाहील, नको ते टाकील. त्यातच त्याच्या कारागिरीची वाढ आहे. परंतु जिच्यावाचून काम आरंभताच येत नाही, आणि जी मागावी कशी हेही नवख्याला माहीत नसते, ती सोय अंगचीच असली पाहिजे, आणि तिचा दिवा लागलेलाही असला पाहिजे. मातृभाषेत लिहिता येणे ही अशी सोय आहे. तिला बाजारातून आणावयास सांगणे, म्हणजे पाहुण्याला पाट मांडून पाणी मात्र नदीवरून आण म्हणण्यासारखे आहे.

आणि अंगचे जे म्हणतात ते आभाळातून पडत नाही. कोणी तरी प्रथम ते जोडीचे म्हणून रचलेले असते, लोकांनी वापरून त्याची धार लावलेली असते, आणि मग कोणी तरी चिकाटीने ते आत नेऊन बसवलेले असते. जिस्ट कार्डापासून मोडीच्या कळांपर्यंतची वाट अशाच हातांनी बांधली. मराठीत अजून पुष्कळ गोष्टी पहिल्याच पायरीवर थांबलेल्या आहेत. शुद्धलेखन तपासणे, जुना फाँटबद्ध मजकूर वाचता करणे, मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणे, ही कामे दूरच्या कचेरीत बसलेले कोणी परके गृहस्थ आपण होऊन अंगावर घेतील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. पेरुंगुडीत आणि पुण्यात ज्यांच्या हाती हे हत्यार रोज असते, त्यांनीच ती हाती घ्यावयाची आहेत.